सिमानं वाढवलेला मुलगा

सिमाचं आधी इंग्रजी गेलं. चाव्या कुठे ठेवल्या ते विसरणं, गॅस चालू राहणं, दुपारचं जेवण झालं की नाही याचा घोळ, हे सगळं सुरू होतंच, पण ते म्हातारपणाच्या खाती घालता येत होतं. एका सकाळी पोस्टमन नेहमीसारखं "मॉर्निंग, मिसेस कोर्लेकर" म्हणाला आणि सिमा दारातूनच मागे वळून म्हणाली, "अहो, हा काय म्हणतोय बघा बरं. मला त्याचं बोलणं कळत नाही." तेव्हा मात्र तिच्या नवऱ्याला, हाईमला, ते म्हातारपण वाटेना. हॅरोत पन्नास वर्षं काढलेली ही बाई. शाळेच्या किचनमध्ये उभं राहून इंग्रज पोरांना दटावून दटावून मटार खायला लावलेले तिनं, तेही अस्सल लंडनच्या उच्चारांत. ते सगळं इंग्रजी बर्फासारखं वितळून गेलं आणि खाली उरली ती रेवदंड्याची मराठी, तिच्या आईची, तिच्या लहानपणीची.

आता तिच्याशी बोलणार कोण? सिनेगॉगमधली त्यांच्या वयाची मराठी ज्यू माणसं एकेक करून गेली होती. जी होती ती मुंबईहून आलेली असली तरी घरीदारी इंग्रजीच बोलणारी. मुलगी लिओरा इथेच जन्मलेली, तिची मराठी मोडकी, 'ये, जा, खा, पुरे' याच्या थोडीच पुढची. म्हणजे राहिला एकटा हाईम. आणि हाईम हा काही बोलणारा माणूस नव्हता. माझगावात वाढला, विशीत लंडनला आला, मेट्रोपॉलिटन लाइनच्या डेपोत फिटर म्हणून लागला आणि गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करत करत रिटायर झाला. घरात बोलायचं काम सिमाचं आणि ऐकायचं त्याचं, अशी वाटणी लग्नापासून होती. तो ऐकायचाही निम्मंच.

पुढे ती त्यालाही ओळखेनाशी झाली. वाईट वागायची नाही, उलट फार अदबीनं वागायची. तो चहा घेऊन आला की कार्डिगन सावरून म्हणायची, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा ना. आमचे हे येतीलच इतक्यात." एकदा न राहवून तो म्हणाला, "सिमा, अगं मीच हाईम." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या पाहुण्यानं अस्थानी विनोद केल्यावर पाहावं. मग तो पुन्हा तसं म्हणाला नाही.

म्युझियमचं लिओरानं शोधून काढलं. दर गुरुवारी दुपारी तिथे अशा आजारातल्या माणसांसाठी एक टेबल मांडायचे. जुन्या वस्तू हातात द्यायच्या, चहा-बिस्किटं द्यायची, कुणाला काही आठवलं तर ऐकायचं. हाईमला त्यात फारसा अर्थ वाटला नव्हता, पण घरात बसून तरी काय करायचं? तो सिमाला कोट चढवून ट्रेननं घेऊन जाऊ लागला. पहिल्या दोन-तीन गुरुवारी तिनं कशालाच हात लावला नाही. रोमन दिवा, कोळशाची इस्त्री, शंखांची माळ, सगळं समोरून फिरून गेलं.

ते टेबल तनिषा सांभाळायची. तिशीच्या आतली मुलगी, आईवडील पुण्याचे, ती इथलीच. सिमा मराठीत पुटपुटते हे ऐकून ती एकदम खुलली होती आणि आपली मोडकीतोडकी मराठी बिनधास्त वापरायची. एका गुरुवारी तिनं एक मडकं आणून सिमासमोर ठेवलं.

"आजी, हे बघा. हा कॉपी आहे, ओरिजिनल वरच्या गॅलरीत आहे. पेरू देशाची. दीड हजार वर्षं जुना. त्यांच्याकडे असे माणसांच्या तोंडाचे पॉट्स करायचे. आणि तोंड पण कुणाचंही नाही हं, खरी माणसाची. रियल पर्सन."

मडकं म्हणजे पुरुषाचं अख्खं डोकंच होतं. तांबूस माती, त्यावर फिकट पांढरे पट्टे, कपाळाला घट्ट गुंडाळलेला रुमाल. टाळूवर पोकळ गोल कडी आणि तिच्यातून वर निघालेली तोटी. पण ती कडी नजरेत भरत नव्हती, भरत होता चेहरा. जाड पापण्या, रुंद नाक, आणि ओठांचे कोपरे असे, की हा माणूस आता काहीतरी बोलणार आणि मग बोलायचं राहूनच गेलं.

सिमानं ते मांडीवर घेतलं. बराच वेळ बघत राहिली. मग कार्डिगनची बाही हातावर ओढून तिनं त्याचा गाल पुसला.

"मायकल," ती म्हणाली. "किती वाळलास रे. जेवलास का?"

हाईमनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मायकल त्यांचा थोरला. लिओराच्या आधीचा. सहा वर्षांचा असताना एका शुक्रवारी संध्याकाळी मान दुखते म्हणाला आणि रविवारी हॉस्पिटलात दगावला. मेंदूला सूज, डॉक्टर म्हणाले. त्याला चाळीसवर वर्षं झाली होती. दर वर्षी त्या तिथीला घरात दिवा लागायचा, चोवीस तास जळायचा आणि विझायचा. त्यावर कुणी बोलायचं नाही. लिओराला आपल्याला भाऊ होता एवढं माहीत होतं, बस्स. नाव घेतलं तर सिमाला त्रास होईल म्हणून हाईम गप्प राहायचा. सिमाही गप्प असायची. हाईमची समजूत अशी, की ती सावरली आहे. शाळेच्या किचनमध्ये नोकरी धरली तेव्हा त्याला धास्ती वाटली होती, की एवढी पोरं समोर बघून हिचं काय होईल. पण ती रोज नीट जायची, नीट यायची.

"जेवलास का रे?" सिमानं पुन्हा विचारलं. मडकं काय बोलणार? दोन्ही हातांनी तिनं ते डोकं आणखी जवळ धरलं. "बोलत का नाहीस? रागावलास माझ्यावर?"

टेबलावरची बाकीची माणसं बघत होती. तनिषा पुढे झाली. आणि हाईमच्या तोंडून, त्याला कळायच्या आत, शब्द निघाले.

"जेवलो, मम्मी."

मायकल तिला मम्मीच म्हणायचा. 'आई म्हण' म्हणून ती मागे लागायची तरी मम्मी. नंतर झालेल्या लिओरानं नेहमी 'मम' म्हटलं. मम्मी हा शब्द त्या घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

सिमाचा चेहरा निवळला. "काय जेवलास?" तिनं मडक्याला विचारलं.

"भात. आणि कालवण."

"कसलं कालवण? तू तर मासे खात नाहीस. खोटं बोलतोस." आणि ती हसली. गेल्या वर्षभरात हाईमनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून गुरुवार म्हणजे मायकलला भेटायचा दिवस झाला. सिमाला गुरुवार कळायचा नाही, पण मडकं मांडीवर आलं की ती थेट बोलायला लागायची, जणू मघाशी तुटलेला फोन पुन्हा लागला. हाईम बाजूला खुर्ची ओढून बसायचा आणि खालच्या आवाजात उत्तरं द्यायचा. आपण सहा वर्षांच्या पोराच्या वतीनं बोलतो आहोत असं त्याला पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण सिमा सहा वर्षांच्या पोराशी बोलतच नव्हती.

"ब्रॅकनेलहून आलास? गाडी वेळेवर होती ना?" तिनं विचारलं.

हाईम गोंधळला. "हो. वेळेवर."

"ऑफिसात अजून ते जुनंच कॉम्प्युटरचं काम आहे का? आणि चष्म्याचा नंबर बघून घेतलास? अकराव्या वर्षी लागला तुला चष्मा, तेव्हापासून बघते आहे, तू कधी वेळेवर डोळे तपासून घेत नाहीस."

असं तुकड्या-तुकड्यांनी हाईमला कळत गेलं. सिमानं मुलाला वाढवलं होतं. त्या रविवारी थांबली नव्हती ती. शाळेच्या किचनच्या खिडकीतून ताटं वाढताना दर वर्षी एक वर्ग पुढे सरकायचा, आणि त्या वर्गातल्या पोरांबरोबर तिचा मायकलही सरकायचा. त्याला चष्मा लागला. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. गणितात बरा निघाला, कॉलेजात एक वर्ष वाया घालवलं, मग लंडनबाहेर ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. तिथेच फ्लॅट घेऊन राहतो, घरी येत नाही फारसा, स्वतः रांधून खात नाही, याची तिला काळजी. आणि हे सगळं तिनं एका शब्दानंही कधी हाईमजवळ काढलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

एका गुरुवारी ट्रेनमधून परतताना त्याला एक जुनी गोष्ट आठवली. नव्वदच्या सुमारास, एका बँक हॉलिडेच्या सुट्टीला, सिमा म्हणाली होती, "ब्रॅकनेलला जाऊन येऊ या का?" तिथे ना कुणी नात्यातलं, ना बघण्यासारखं काही. गेले ते. बंद ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमधून सिमा हळूहळू चालत होती, मान वर करून खिडक्या बघत होती. एका बाकावर बसून दोघांनी सँडविच खाल्लं. हाईमला वाटलं होतं, लहर आली असेल. आता तिच्या शेजारी बसून, तिचा हात आपल्या खिशात धरून, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

लिओरा एकदा सुट्टी काढून बरोबर आली. मागे उभी राहून तिनं सगळं पाहिलं. तिला शब्द निम्मे कळले, पण मायकल हे नाव कळायला भाषा लागत नाही. नंतर सिमाला तनिषापाशी बसवून बापलेक खाली कॅफेत गेले.

"डॅडी, धिस इज नॉट राइट," लिओरा म्हणाली. "तुम्ही तिच्याशी खोटं बोलते. एव्हरी वीक."

"तिला बरं वाटतं, लिओरा."

"आणि मला?" तिचा आवाज चिरकला. "मी रोज येते. तिचे केस विंचरते, तिला आंघोळ घालते. मला ती 'ओ बाई' म्हणते. आणि एक मडकीला ती ओळखते." तिनं कप दूर सारला. "तो गेला तेव्हा मी नव्हते. ओके. आता तो परत आला, तरी मी नाहीच."

हाईमनं तिच्या हातावर हात ठेवला, तिनं काढून घेतला नाही, पण ती रडायची थांबलीही नाही. त्यानंतर लिओरा पुन्हा गुरुवारी आली नाही. घरी यायची, सगळं करायची, म्युझियमचं नाव काढायची नाही.

उन्हाळा संपता संपता तनिषा म्हणाली, "आजोबा, आज वर जाऊ या? ओरिजिनल्स बघायला. आजीला आवडेल."

लिफ्टनं तिघं वर गेली. काचेच्या कपाटात मडकी ओळीनं मांडलेली होती. तनिषा आपल्या भाषेत समजावत होती, "हे सगळे सेम माणूस आहेत, बघा. त्या लोकांनी एकाच माणसाची तोंडं केली, लहान असताना, मग मोठा झाल्यावर, मग अजून मोठा. कुणीतरी मोठ्या घरचा असणार. ओठावर ती खूण दिसते? तीच सगळीकडे आहे."

पहिलं मडकं मुलाचं होतं. गोबरे गाल, डोकीला छोटा रुमाल, आणि कुणीतरी 'नीट बस' म्हणून दटावल्यावर मुलं करतात तसा शहाणा चेहरा. सिमा त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली. तिनं एकदा बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुढच्या तरण्या चेहऱ्यापाशी जाऊन, "हा बघा, हा आपला," म्हणून काचेवर बोट टेकवलं. हाईमचे पाय मात्र त्या मुलापाशीच थांबले. त्याचा मायकल इथेच होता. एवढाच. स्टेशनच्या पुलावर उभं राहून गाडीचे डबे मोजणारा, फुग्याला घाबरणारा. सिमाबरोबर पुढे जायचं म्हटलं तरी त्याला जाता येत नव्हतं. इतकी वर्षं एकाच घरात राहून दोघांचे दोन वेगळे मुलगे होते, आणि त्यानं आपला कुठेतरी ठेवून वर झाकण लावलं होतं.

"शेवटचा मात्र सॅड आहे," तनिषा हळूच म्हणाली. "लढाईत पकडला गेला असेल. गळ्यात दोर आहे. मग त्याला..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

सिमा त्याच बाजूला सरकत होती. हाईम झटकन पुढे झाला आणि त्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

"काय आहे तिकडं?" सिमानं विचारलं.

"काही नाही. रिकामंच आहे."

"मग चला. मायकलला उशीर होईल, त्याला लांब जायचंय."

हिवाळ्यात सिमा बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून ती घरी आलीच नाही, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये गेली. लिओरा आणि हाईम आलटून पालटून बसायचे. सिमाचं बोलणं फार कमी झालं होतं. हाईमला वाटायचं, मडकं असतं तर ती बोलली असती. त्यानं तनिषाला फोन केला, विचारायला अवघडत होता, पण विचारलं. वस्तू बाहेर न्यायची पद्धत नव्हती. तनिषानं वरिष्ठांच्या मागे लागून परवानगी काढली आणि एका शनिवारी आपल्या सुट्टीच्या दिवशी, फोमच्या डब्यात घालून ते मडकं घेऊन आली.

हाईमनं उशी टेकवून सिमाला बसवलं. मडकं तिच्या मांडीवर ठेवलं. सिमानं त्यावर हात फिरवला, कपाळावरून, नाकावरून, वरच्या तोटीपर्यंत. मग तोटीत डोकावून पाहिलं.

"पाणी आहे का ह्यात?" ती म्हणाली. "तहान लागलीय."

तिला ते आता मडकंच दिसत होतं. तनिषाचे डोळे भरून आले. तिनं मडकं उचललं, डब्यात ठेवलं. हाईमनं ग्लासात पाणी ओतून सिमाच्या ओठांना लावलं. दोन घोट पिऊन झाल्यावर तिनं त्याचा चेहरा निरखला. हात वर करून बोटांनी त्याचा गाल चाचपला.

"मायकल," ती म्हणाली. "म्हातारा दिसायला लागलास रे."

हाईमनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "हो, मम्मी. वय झालं."

पुढचे दिवस तो मायकल म्हणूनच तिच्याशेजारी बसला. आता मडक्याच्या वतीनं बोलायचं नव्हतं, ती त्याच्याकडेच बघून बोलायची. लिओरा कधीकधी दारात उभी राहायची. तिनं आता काही म्हटलं नाही. एकदा ती आत आली, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि आईचे पाय चेपू लागली. सिमानं तिच्याकडे बघून हाईमला विचारलं, "ही कोण?"

"ही लिओरा. माझी बहीण," हाईम म्हणाला.

"हो का? छान आहे," सिमा म्हणाली. लिओरानं मान खाली घातली. त्यातला 'बहीण' हा शब्द तिला कळला होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सिमाचा श्वास जड झाला. नर्स येऊन बघून गेली. लिओराला फोन केला, ती निघाली होती. सिमाचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती.

"तुझे बाबा आले नाहीत?" तिनं विचारलं.

"येतायत, मम्मी. ट्रेनमध्ये आहेत."

"उशीर करतात नेहमी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आले की त्यांना वाढ हं. स्वतःहून मागायचे नाहीत ते. आणि बोलत जा त्यांच्याशी. गप्प असतात म्हणून त्यांना काही वाटत नाही असं नसतं."

"बोलेन."

मी आलोय, सिमा, इथेच बसलोय, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण ते सांगायचं तर मायकलला तिथून उठावं लागलं असतं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. लिओरा पोचायच्या आधी सिमा गेली.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. मग शिवाचे, ज्यू सुतकाचे, सात दिवस. घरातले आरसे झाकले होते, बापलेक बैठ्या स्टुलांवर बसली होती. दुपारी भेटायला आलेली मंडळी उठून गेली आणि दोघंच राहिली. लिओरानं मराठीतच विचारलं, जोडून जोडून, जणू वाटेत तयार करून आणलं होतं.

"डॅडी, मला मायकलचं सांगा ना. तुमच्या मायकलचं. आणि ममच्या पण."

हाईमनं सांगायला सुरुवात केली. मराठीत, लिओराला अडलं की इंग्रजीत. डबे मोजायचा ते सांगितलं, फुग्यांची भीती सांगितली, तो शुक्रवार सांगितला, मग शनिवार, आणि रविवारही. मग तो पुढे गेला. अकराव्या वर्षी चष्मा लागला. ड्रायव्हिंगला दोनदा नापास. कॉलेजचं एक वर्ष वाया. ब्रॅकनेलची नोकरी, तिथला फ्लॅट, मासे न खाणं. आयुष्यभरात तो एका बैठकीत इतकं कधी बोलला नव्हता.

"लग्न झालं होतं त्याचं?" लिओरानं विचारलं. "मुलं?"

हाईमनं आठवून पाहिलं. एकेक गुरुवार डोळ्यांसमोर आणला. सिमा त्याविषयी काही बोलली नव्हती. बोलली असती, नक्की काहीतरी ठरवलं असणार तिनं, पण ते तिच्याबरोबर गेलं. आता या मायकलचं पुढे काय झालं ते जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारायचं राहून गेलं."

आणि मुलगा गेला तेव्हा त्याला जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं. लिओरा स्टूल ओढून त्याच्या जवळ सरकली. संध्याकाळच्या प्रार्थनेची माणसं यायला लागली, दार उघडत होतं, मिटत होतं, कोट काढून ठेवले जात होते, आणि दारातून आत येणारा प्रत्येकजण क्षणभर घुटमळत होता, कारण हाईम कोर्लेकरला मोठ्यानं रडताना त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.